थंडीचा भाव

सावद्याला केळीचा भाव सकाळीच फळ्यावर लागतो.
त्या दिवशी खडूने लिहिलं होतं नऊशे दहा, क्विंटलला,
आणि फळ्याखाली उभे राहून पीतांबरशेठ नेहेते म्हणाले,
"एका बाटलीत कितीची केयी जाते, तेवढं काढ बाई.
बाकी मी पाह्यतो."

मी काढलं. केळी सोपी होती.
सालीचं वजन वजा, दांड्याचं वजा,
काळी पडलेली फणी सुभानच्या शेळ्यांना, तीही वजा;
बाटलीला साडेसतरा रुपये.
शेठ इतके खूश की वेलदोड्याचा चहा आला.
तो निवेपर्यंत मी पुढचं पान उलटलं.

बाटली केळीपेक्षा महाग.
भुसावळच्या पुढे ट्रक आदळला, शंभरातल्या सहा फुटल्या.
फुटलेल्या सहांची किंमत धडधाकट चौऱ्याण्णवांनी भरायची
असा आमच्या शास्त्राचा नियम आहे.
घरातही तोच होता.
भाऊच्या न चाललेल्या झेरॉक्सच्या दुकानाचा खर्च
आप्पांनी माझ्या एम.कॉम.वर टाकला होता
पुस्तक न वाचता.

मग एप्रिल.
पारा सत्तेचाळिसाला टेकला,
डांबरात चपला रुतायला लागल्या
आणि टाकीतल्या यीस्टला हवे होते चोवीस अंश.
डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या जिवांचे लाड
मी मीटरवर मोजले:
चिलरची वीज, वीज गेली की डिझेल,
डिझेल संपलं की फैजपूरहून रिक्षातून बर्फ,
निम्मा रस्त्यातच पाणी झालेला,
बिल मात्र अख्ख्या लादीचं.
केळी साडेसतरा. थंडी एकसष्ट.
मी आकडा दोनदा तपासला.
खानदेशात वाइन करायची म्हणजे
उन्हाकडूनच थंडी भाड्याने घ्यायची.

सुभान तडवी टाक्या सांभाळतो.
आयुष्यात थेंब चाखलेला नाही, चाखणारही नाही.
तो स्टीलला कान लावतो.
"बोलतेय," म्हणतो, किंवा "आज कुरकुरतेय,"
आणि चार दिवसांनी प्रयोगशाळा तेच कळवते,
दीड हजार रुपये घेऊन.
त्याचा पगार मी मजुरीत धरला. कान कशात धरू?

सात तारखेच्या रात्री लाइट आली नाही,
डिझेलवाल्याने फोन उचलला नाही.
टाकीभोवती ओलं गोणपाट गुंडाळून
तो पहाटेपर्यंत पाणी मारत राहिला.
हजेरीपत्रकात असल्या रात्रीला रकाना नसतो.
तीन नंबर तरीही गेली.
सकाळी तो कान लावून बराच वेळ उभा होता,
मग लुंगीला हात पुसत म्हणाला, "चूप झाली."

तीन नंबरचा खर्च एक आणि दोनवर.
मी तो आधी पेन्सिलने लिहिला,
शाई फिरवायला दुपार लागली.

लेबल, बूच, परवाना,
खात्याचे साहेब, साहेबांची जीप, जीपमधले आणखी दोघे.
आठ महिने नुसतं पडून राहण्याचं व्याज.
काही न करता महाग होत जाणारी वस्तू
बावीस वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदाच हिशेबात धरली,
आणि खरं सांगायचं तर
मला तिचा थोडा हेवा वाटला.

एकूण दोनशे अठ्ठ्याण्णव.
जळगावचा हॉटेलवाला दोनशे साठच्या वर बोलत नव्हता.
शेठनी कागद लांब धरून वाचला, मग जवळ धरून.
"याच्यात केयी कुठी हाये?"
मी बोट ठेवलं.
सतरा पन्नास.
बोटाखाली पूर्ण झाकली गेली.

शेठ हसले की खोकले, कळलं नाही.
खाली आवारात सुभान
तीन नंबरचा आंबलेला रस कॅनमध्ये भरत होता,
लोणच्याला चालतो म्हणे.
मी खिडकीतून ओरडून विचारलं, "किती लिटर रे?"
त्याने कॅनचं झाकण तसंच हातात धरलं.
"लिहिणार असाल," म्हणाला, "तर राहू द्या."